नगरचीं उजाड नंदनवनें

कांहीं शहरें नदीच्या घाटाभोंवतीं वसतात, कांहीं देवळाभोंवतीं, कांहीं नुसत्या बाजारपेठेभोंवतीं. अहमदनगर मात्र एका बागेभोंवतीं वसलें. इ. स. १४९० च्या मे महिन्यांत २८ तारखेस भिंगारच्या परिसरांत मलिक अहमदानें बहामनी सरदार जहांगीरखान याच्या सैन्याचा पुरता मोड केला आणि त्या विजयाची खूण म्हणून तेथें एक बाग केली. तिचें नांव बाग निजाम. पुढें त्या बागेसभोंवार तट उठला, आंत वाडे झाले, आणि मलिक अहमदाचा नातू हुसेन निजामशहा यानें १५५९ ते १५६२ या अवधींत तेथें दगडी कोट बांधिला. १९४२ पासून १९४५ पर्यंत पंडित जवाहरलाल नेहरूंना इंग्रज सरकारनें ज्या किल्ल्यांत कोंडून ठेविलें होतें, तो हाच. खुद्द शहराचा पाया १४९४ सालीं पडला, आणि अवघ्या दोन वर्षांत तें वैभवांत बगदाद व कैरो यांच्या तोडीचें झालें, असें इतिहासकार सांगतात. ही अतिशयोक्ति आहे हें उघड आहे. परंतु ज्यांचें बालपण संस्कृत काव्यांतील नगरवर्णनें पाठ करण्यांत गेलें, त्या आमच्यासारख्यांना अशी अतिशयोक्ति फारशी बोंचत नाहीं. त्यांतून आम्हीं तीस-पस्तीस वर्षें ह्याच शहरांत मुलांना शिकविण्यांत घालविलीं. तेव्हां नगरविषयीं कोणी चार शब्द बरे लिहिले असले, तर ते मापून पाहण्याची इच्छाच आम्हांस होत नाहीं.

या जिल्ह्याचें व शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. चौंडी गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या अहिल्याबाईंनीं देशभर घाट, विहिरी व कुंडें बांधून लोकांची तहान भागविली. आमचा आजचा विषयही शेवटीं पाण्यापाशींच येऊन थांबणार असल्यामुळें हें नवें नांव आम्हांस विषयास सोडून वाटत नाहीं. मात्र ज्या काळाची हकीकत सांगावयाची त्या काळीं शहर अहमदनगर होतें; म्हणून ह्या लेखापुरतें आम्ही ‘नगर’ हें आपलें घरगुती नांवच वापरणार आहों.

हल्लीं मोठमोठ्या शहरांजवळ तिकीट काढून आंत जावयाच्या क्रीडोद्यानांचा मोठा बोलबाला आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, यंत्रानें उठविलेल्या लाटा, रंगविलेले राजवाडे, आणि जागोजाग खाण्याचे पदार्थ! अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यानें १९५५ सालीं डिस्नेलँड उघडलें तेव्हांपासून ही टूम जगभर पसरली, असें आमचे नातू आम्हांस सांगतात. असेल. परंतु डोळ्यांना सुख, कानांना पाण्याचा नाद, अंगाला गारवा आणि मनाला घटकाभर जगाचा विसर, एवढ्यासाठींच मुद्दाम रचलेली सृष्टि आमच्या वेशीबाहेर पांचशें वर्षांपूर्वींच उभी राहिली होती. आणि तिची हौस केवळ इराणांतून आली असेंही नव्हे. भोजराजाच्या समरांगणसूत्रधार ग्रंथांत यंत्रधारागृहांचें, म्हणजे कारंजांच्या मंडपांचें, शास्त्रोक्त वर्णन आहे. मेघदूतांतही त्यांचा उल्लेख येतो. शिवाय मलिक अहमदाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यांतला. लढाईंत पकडला जाऊन तो मुसलमान झाला. त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा यानें पूर्वजांचें गांव म्हणून पाथरीसाठीं वऱ्हाडच्या इमादशहाशीं युद्धही केलें. हें सांगण्याचा हेतु कोणाच्या वंशावळीचा अभिमान मिरविणें हा नव्हे. ‘ते बादशाही महाल, त्यांच्याशीं आपला काय संबंध?’ असें म्हणून जीं सुशिक्षित कुटुंबें शिर्डीस जातांना नगरावरून सरळ पुढें निघून जातात, त्यांना दोन घटका थांबविण्याचा हा प्रयत्न आहे.

नगरची पहिली मोठी विलासबाग १५०६ सालची. शहराच्या उत्तरेस, सावेडीच्या बाजूस, एक तळें खोदून त्याच्या मधोमध अष्टकोनी महाल बांधिला आणि शेंडी व वडगांव यांच्या बाजूनें पाणी आणून तळें भरलें. तिला पुढें ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे आठ स्वर्ग असें नांव मिळालें. इराणी परंपरेंत स्वर्ग आठ मानितात, आणि आठ कोनांचा महाल हें त्यांचेंच प्रतीक. लोकांनीं ह्या भारदस्त नांवाची ‘भिस्तबाग’ करून टाकिली. आज महालाचे भग्नावशेष आहेत, पण बाग म्हणावी असें तेथें कांहीं नाहीं. सभोंवार घरांच्या वसाहती आहेत, आणि बागेचें नांव एका गजबजलेल्या चौकाला मिळालेलें आहे.

एकदां वर्गांत आम्हीं ‘भिस्तबाग’ ह्या शब्दाचा अर्थ विचारला असतां मागच्या बाकावरच्या एका मुलानें उत्तर दिलें, ‘गुरुजी, भिस्त्यांची बाग.’ सारा वर्ग हंसला. आम्हीं मात्र त्या मुलास उभें करून शाबासकी दिली. कारण पखालीनें पाणी वाहणारा जो भिस्ती, त्याचें नांव मूळ ‘बिहिश्त’ ह्याच शब्दावरून पडलें आहे. तहानलेल्यास पाणी पाजणारा तो स्वर्गींचा माणूस! नगरच्या बागांची किल्ली त्या पोरानें नकळत हातीं दिली होती. स्वर्ग येथें भिस्त्याच्या पखालींतूनच येत होता.

नगरचा प्रदेश पर्जन्यछायेंतला. वर्षाकांठीं सरासरी बावीस-तेवीस इंच पाऊस. सीना नदी वर्षाचे बरेच महिने नुसती वाळू. असल्या मुलखांत कारंजीं उडविणें म्हणजे केवळ श्रीमंतीचें काम नव्हे, तें डोक्याचें काम होय. डोंगराच्या पायथ्याशीं, जेथें झरे लागतील तेथें, विहिरी खणीत. तेथून भाजलेल्या मातीचे नळ एकांत एक बसवून, चुन्यांत पक्के करून, जमिनीखालून उतार साधीत शहराकडे आणीत. ह्यांनाच खापरी नळ म्हणतात. मधूनमधून मनोरे उभारीत, म्हणजे नळांत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याची वाट अडूं नये. कापूरवाडी, शहापूर, भिंगार, अशा अनेक ठिकाणांहून हे नळ येत. ह्यांत यंत्र नाहीं, बैल नाहीं. पाणी आपल्या स्वभावानेंच खालीं येतें आणि स्वभावानेंच तोटींतून वर उडतें. परंतु तें किती उडावें हें उगमाच्या उंचीवर ठरतें. म्हणून कित्येक मैलांच्या अंतरांत उतार जरा चुकला तर शहाच्या समोर कारंजाच्या तोंडून नुसता बुडबुडा निघावयाचा! ज्यांनीं हा उतार साधला त्यांचीं नांवें आम्हीं मुलांना कधीं शिकविलीं नाहींत, कारण पाठ्यपुस्तकांत तीं नव्हतींच. शहांचीं मात्र सनावळीसह पाठ करून घेतलीं.

हेंच पाणी प्रसंगीं शस्त्रही होई. १६२४ सालीं, नगरपासून कांहीं मैलांवर, भातवडीच्या लढाईंत मलिक अंबरानें तलावाचें पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोंवतीं चिखल करून टाकिला. त्या लढाईंत शहाजीराजे लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी पडले. पण हा विषय वेगळा. आपण बागेंत परत येऊं.

सर्व बागांत मुकुटमणि म्हणावी अशी फराहबाग. लोकांच्या तोंडीं ती ‘फऱ्याबाग’. शहराच्या आग्नेयेस, सोलापूरच्या रस्त्याच्या बाजूस, लष्करी हद्दीच्या सान्निध्यांत ती आहे. एकदां बांधून होत आलेली इमारत पसंतीस न उतरल्यामुळें पाडून पुन्हां बांधिली, अशी हकीकत सांगतात. काम पुरें झालें तें १५८३ सालीं, मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत, त्याचा मंत्री सलाबतखान याच्या देखरेखीखालीं. चौफेर मोठा तलाव, त्याच्या मध्यावर अष्टकोनी महाल, आणि त्यापर्यंत जाण्यास एक वाट. बाजूंना दोन मजल्यांएवढ्या उंच कमानी. आंत गेलें कीं मधला दिवाणखाना, त्यावर घुमट, आणि वरच्या मजल्यावर सभोंवार दालनें. भिंतींची जाडी अशी कीं वैशाखांतल्या दुपारीं आंत पाऊल टाकतांच जणूं तळघरांत उतरल्यासारखा थंडावा लागतो. इमारतीस मोठमोठे घडीव दगड वापरलेले नाहींत. दगडगोटे व चुना यांचें काम आणि त्यावर गिलाव्याची नक्षी. ही नक्षी आतां तुकड्यातुकड्यांनीं शिल्लक आहे. ती जेथें आहे तेथें हात लावूं नये, आणि जेथें नाहीं तेथें कोणीतरी खिळ्यानें आपलें व आपल्या प्रेयसीचें नांव कोरून ठेविलें आहे, तें वाचूं नये.

महालांत उभें राहिलें कीं कमानींतून बाहेर पाहण्याचा मोह होतो, आणि तेथेंच निराशा होते. ह्या कमानी मुळीं पाण्याकडे पाहण्यासाठीं केलेल्या. पाण्यावरून येणारा वारा आंत यावा, उन्हाचें प्रतिबिंब छतावर हलावें, संध्याकाळीं दिवे लागले म्हणजे महाल एक नव्हे दोन दिसावे, हा सारा बेत. तलाव कोरडा झाला तेव्हां महालाचें अर्धें अंग गेलें. पावसाळ्यानंतर कोठें डबकीं साचतात, त्यांत बगळे उभे असतात. त्या दिवसांत, आणि त्याच दिवसांत, बांधणाऱ्याच्या मनांत काय होतें त्याची थोडीशी अटकळ येते.

ज्या शहासाठीं हें झालें तो मुर्तझा मोठा चमत्कारिक मनुष्य. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणत. राज्यकारभार सोडून तो वर्षानुवर्षें एकांतांत राही. फराहबागेंत तो फत्तेशहा नांवाच्या दिल्लीकडील गवयाशीं बुद्धिबळें खेळे. त्या गवयासाठीं बागेंत लाकडमहाल म्हणून एक निराळी इमारतही त्यानें बांधून दिली. बुद्धिबळांत राजा एका वेळीं एकच घर सरकतो, हें त्या राजास चांगलेंच मानवलें असावें! त्याचा शेवट ऐकून मात्र अंगावर कांटा येतो. १५८८ सालीं त्याच्याच मुलानें त्याला हमामखान्यांत कोंडून, खालीं आग पेटवून, गुदमरून मारिलें. सलाबतखानही पुढें लवकरच वारला. शहरापासून सहा मैलांवर डोंगराच्या माथ्यावर त्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. तेथून सारा नगरचा मुलूख तळहातासारखा दिसतो. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि बिचाऱ्या सलाबतखानास त्याच्या स्वतःच्या कबरीवरही नांव मिळालेलें नाहीं.

फराहबागेंत एक गोष्ट हटकून कानांवर येते. शहाजहान तरुणपणीं दक्षिणेंत असतांना त्यानें हा महाल पाहिला आणि त्यावरून त्याला ताजमहालाची कल्पना सुचली, म्हणे! सांगणाऱ्याची छाती अभिमानानें फुललेली असते, म्हणून आम्ही वाद घालीत नाहीं. तथापि मध्यें घुमट, भोंवतीं दालनें, हा आराखडा इराणांतून व मध्य आशियांतून आलेला. दिल्लींत हुमायूनची कबर ह्याच धर्तीवर १५७० च्या सुमारास, म्हणजे फराहबागेच्याही आधीं, झालेली होती. शहाजहानाला नगरास येण्याची गरज नव्हती. आणि आम्ही विचारतों, ताजमहालाची आई ठरल्याशिवाय फराहबागेस मोल नाहीं काय?

हें सारें पाण्यानें व माणसांनीं गजबजलेलें असतांना दिसे कसें, हें जाणावयाचें तर नगर सोडून पुण्यास गेलें पाहिजे. तेथें भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नांवाची एक फारसी पोथी आहे. आफताबी नांवाच्या कवीनें हुसेन निजामशहाच्या, म्हणजे मुर्तझाच्या बापाच्या, स्तुतीपर रचलेलें हें काव्य. त्यांत तालिकोटच्या विजयाचें वर्णन आहे, तेव्हां पोथीचा काळ १५६५ च्या सुमाराचा. फराहबाग पुरी होण्यास त्यानंतर अठरा वर्षें लागलीं; पण दरबार तोच, हौस तीच. पोथींत मुळांत चौदा चित्रें होतीं, त्यांपैकीं बारा शिल्लक आहेत. दक्षिणेंतील मुसलमानी दरबारांच्या चित्रकलेचे हे अगदीं आरंभीचे नमुने होत. मंडळानें १९८७ सालीं ही पोथी छापून प्रसिद्ध केली, त्यामुळें आमच्यासारख्या सामान्य माणसालाही तिची ओळख झाली.

चित्रें लहान आहेत, परंतु डोळे हलवूं देत नाहींत. क्षितिज उंच, आकाश सोनेरी. स्त्रियांच्या अंगांत चोळ्या, पाठीवर गोंडे लावलेल्या लांबलचक वेण्या. ह्या इराणी चित्रांतल्या बाहुल्या नव्हेत, आपल्या दख्खनच्या बायका आहेत. शहा सिंहासनावर बसला आहे, आणि त्याच्या शेजारीं त्याची बेगम खुंजा हुमायून बसली होती. होती, असें म्हणावें लागतें, कारण कोणीतरी मागाहून तिची आकृति पुसून टाकिली आहे. शहा जागच्या जागीं आहे, दासी जागच्या जागीं आहेत, आणि मध्यें जेथें राणी, तेथें एक डाग. त्या काळच्या दरबारी चित्रांत राणी राजाच्या बरोबरीनें दाखविणें हीच गोष्ट विरळ. ती ह्या चित्रकारानें केली, आणि ती टिकली नाहीं.

ही खुंजा हुमायून कोण, हें भगिनीवर्गास सांगितलें पाहिजे. १५६५ सालीं हुसेन वारल्यावर अल्पवयी मुर्तझाच्या नांवानें तिनेंच राज्य चालविलें. १५६९ सालीं मुलानें तिला कैदेंत टाकिलें. त्याच सुमारास पोथींतूनही तिला नाहींशी केली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे जो मुर्तझा पुढें फराहबागेंत बुद्धिबळें खेळत बसला, तोच हा मुलगा! आणि जिनें १५९५–९६ च्या वेढ्यांत मोगलांनीं पाडलेलें तटाचें खिंडार रातोरात बुजवून घेतलें, ती चांदबिबी ह्याच खुंजा हुमायूनची लेक. लेकीचें नांव लोकांनीं दुसऱ्याच्या कबरीला देऊन टाकिलें आणि आईचें चित्र पुसलें गेलें. नगरच्या इतिहासाचा हा न्याय आम्हांस अजून समजलेला नाहीं.

त्या चित्रांपैकीं एकाविषयीं न लिहितां पुढें जाणें आम्हांस शक्य नाहीं. त्यांत एक स्त्री बागेंतल्या वृक्षास स्पर्श करीत आहे, आणि तिच्या स्पर्शानें वृक्ष बहरून आला आहे. संस्कृत जाणणाऱ्या वाचकानें हें चित्र पाहतांच ‘दोहद!’ असा उद्गार काढावा. सुंदर स्त्रीच्या पायाच्या आघातानें अशोक फुलतो, हा आपल्या कवींचा जुना संकेत; मालविकाग्निमित्रांत तर सारें कथानकच ह्या अशोकाभोंवतीं गुंफलेलें आहे. तो संकेत फारसी भाषेच्या पोथींत, मुसलमान शहाच्या दरबारीं, इतक्या सहजतेनें उतरलेला पाहून आम्ही किती वेळ तें पान उघडें ठेवून बसलों होतों! चित्रकारानें कालिदास वाचला होता, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या देशांत देवळांच्या भिंतींवर झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या शालभंजिका जागोजाग दिसतात, त्या देशाचे संस्कार त्याच्या हातांत होते खास. आमच्या मतें निजामशाहीच्या सुवर्णकाळाचें खरें स्मारक फराहबागेचा घुमट नव्हे. हा फुललेला वृक्ष होय.

तो काळ सरला कसा, हें थोडक्यांत सांगतां येईल. १६०० सालीं किल्ला अकबराच्या सैन्याच्या हातीं गेला, १६३६ सालीं निजामशाही संपली. १७०७ सालीं औरंगजेबानें भिंगारजवळच प्राण सोडला. साऱ्या आयुष्यांत विलासाचा तिटकारा केलेल्या त्या वृद्ध बादशहाचे शेवटचे दिवस ह्या विलासबागांच्या शेजारीं जावे, हा एक दैवाचा विनोदच. पुढें पेशवाई आली, १८०३ सालीं वेलस्लीनें किल्ला घेतला, इंग्रजांची छावणी भिंगारास पडली. फराहबागेच्या शेजारीं १९९४ पासून लष्कराचें रणगाड्यांचें संग्रहालय आहे, आणि रविवारीं मुलाबाळांची गर्दी तेथें असते. इंग्रजींत तळ्याला आणि रणगाड्याला एकच शब्द आहे, तो आपण मराठींतही घेतला आहे. तेव्हां फराहबागेचा ‘टँक’ आटला आणि शेजारीं दुसरे ‘टँक’ आले, असें आम्ही सहलीच्या मुलांना सांगत असूं. मुलें हंसत, पण एक-दोन जण मागें वळून कोरड्या तळाकडे पाहत. तेवढेंच आमचें वेतन.

खापरी नळांचे तुकडे कोठें कोठें रस्ता किंवा पाया खणतांना निघतात. असा एक चांगला हातभर तुकडा मुलांनीं उचलून आणलेला आम्हीं शाळेच्या कपाटांत ठेविला होता, आणि भूगोलाच्या तासाला काढून त्यांतून तांब्याभर पाणी सोडून दाखवीत असूं. आमच्या निवृत्तीनंतर कपाट रंगविण्यासाठीं रिकामें केलें, तेव्हां खापर म्हणून तो कोणी टाकून दिला. त्यांत कोणाचा दोष काढावयाचा? आम्हीं त्यावर चिठ्ठी चिकटविली होती, पण चिठ्ठी कोण वाचतो!

फराहबागेच्या डागडुजीविषयीं अधूनमधून बोललें जातें, तें व्हावेंच. गिलावा पडत आहे, आणि पडलेली नक्षी परत येत नाहीं. परंतु आम्हांस विचाराल तर आधीं तळें भरावें. बारमाही जमत नसेल तर निदान एका पावसाळ्यापुरतें तरी पाणी तेथें अडवून पाहावें. आणि पुण्याच्या पोथींतल्या त्या बारा चित्रांच्या मोठ्या प्रती करून नगरांत कोठेंतरी लावाव्या. पुसलेल्या राणीसुद्धां, जशी आहे तशी. मुलांनीं तो डाग पाहावा आणि घरीं येऊन ‘येथें कोण होतें?’ असें विचारावें.

ज्यांना सहकुटुंब जाण्याची इच्छा होईल त्यांनीं भाद्रपद-आश्विनांत जावें. उन्हाळ्यांत जाऊं नये. सकाळीं किल्ला बाहेरून पाहून, मग भिस्तबाग, दुपारचें जेवण शहरांत, आणि फराहबागेस चारच्या सुमारास पोंचावें, म्हणजे पश्चिमेच्या कमानींतून ऊन सरळ आंत येतें आणि गिलाव्यावरच्या नक्षीची कडा न कडा दिसते. वर जाण्याचा जिना अरुंद व अंधारा आहे, लहान मुलांचा हात धरावा. वटवाघळांना भिऊं नये. आणि पिण्याचें पाणी मात्र घरून तांब्या भरून न्यावें.